विधिनिषेधांचे तर्कशास्त्र
एखादी कृती केलीच पाहिजे, करायला मुभा आहे किंवा करता कामा नये, अशा विधानांतून काय निष्पन्न होते याचा आकारिक विचार करणारी तर्कशास्त्राची शाखा. ‘डिऑन्टिक लॉजिक’ हे प्रचलित नाव ‘देऑन’ (जे करायला हवे ते) या ग्रीक शब्दावरून आले.

तिचा आरंभ कोठून धरावा, याबाबत मतभेद आहेत. सज्जनाला जे करणे शक्य ते अनुज्ञात आणि जे करणे अपरिहार्य ते कर्तव्य, अशी सांगड जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स यांनी १६७० च्या सुमारास घातली होती. स्वयंसिद्धकांची (सिद्ध न करता गृहीत धरलेल्या मूळ विधानांची) पहिली पद्धती ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ एर्न्स्ट माली यांनी १९२६ मध्ये रचली. मात्र तिच्यातून ‘जे असायला हवे ते असतेच, आणि जे असते तेच असायला हवे’ असे निघते, हे गणितज्ञ कार्ल मेंगर यांनी १९३९ मध्ये दाखवले. त्यामुळे फिनलंडचे तत्त्वज्ञ गेओर्ग हेन्रिक फोन रीख्ट यांच्या १९५१ च्या लेखापासूनच मोजणी करण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा आहे. मालींचे पहिलेपण मात्र त्याने नाहीसे होत नाही.

फोन रीख्ट यांनी ‘मुभा’ ही मूळ कल्पना धरली आणि सक्ती तिच्यावरून सांगितली. हेल्मेट सक्तीचे, म्हणजे ते न घालण्याची मुभा नाही. त्यांच्या सूत्रांतील अक्षरे कृतिप्रकारांसाठी होती. पुढे त्या अक्षरांच्या जागी विधाने आली आणि ‘दार बंद असावे’ व ‘तू दार बंद करावेस’ यांतील फरक पुसला गेला. तो परत आणण्यासाठी डच संगणकशास्त्रज्ञ मायर यांनी १९८८ मध्ये गतिशील तर्कशास्त्राचा (कृतीने स्थिती कशी बदलते याच्या तर्कशास्त्राचा) आधार घेतला : जी केल्यावर नियमभंगाची स्थिती येते, ती कृती निषिद्ध. प्रस्तुत विषयाला हीच मांडणी अधिक जवळची वाटते.

कूटे बरीच आहेत. डॅनिश विधिज्ञ आल्फ रॉस यांचे १९४१ चे कूट असे : ‘पत्र पेटीत टाक’ यावरून ‘पत्र पेटीत टाक किंवा जाळ’ हे नको असलेले विधानही नेहमीच्या नियमांनी निष्पन्न होते. मुभेत उलट अडचण. ‘चहा घ्या किंवा कॉफी’ म्हटल्यावर पाहुण्याला दोहोंची मोकळीक कळते, पण नेहमीच्या नियमांनी ती सिद्ध होत नाही.

मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या भारतीय दर्शनात, हा विचार फार जुना आहे. ‘पञ्च पञ्चनखा भक्ष्याः’ हे वाक्य दिसायला विधी. पण पाच नखांचे पाचच प्राणी खावेत, बाकीचे नकोत, असा निषेध त्यातून घ्यायचा. याला परिसंख्या म्हणतात. हिंसा निषिद्ध असताना शत्रूच्या नाशासाठी श्येनयाग हा यज्ञ वेदात सांगितला जातो, या जुन्या वादाची एक आकारिक मांडणी व्हिएन्नातील अभ्यासकांच्या गटाने २०१५ मध्ये केली.