मॅडम, भूकंप झालाच नाही तर?

मे महिन्यात माझ्याकडे चार मुलं इंटर्नशिपला आली. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची, सगळी कळवा ते नेरूळ पट्ट्यातली. पहिल्याच दिवशी एकीच्या आईचा फोन आला. "मॅडम, भूकंपाचं काम म्हणजे धोका नाही ना काही? आणि महिन्याभरात भूकंप झालाच नाही तर सर्टिफिकेट मिळेल ना?"

मिळणार होतं. आमचं काम भूकंपावर नाही, रस्त्यावरच्या गोंगाटावर चालतं, आणि नवी मुंबईत त्याचा तुटवडा नाही. ट्रक जातो, लोकल जाते, वाऱ्याने झाड डोलतं, कोणी जिना उतरतं. प्रत्येक वेळी जमीन हलते. किती? केसाच्या जाडीचा शंभरावा भाग, बरेचदा त्याहूनही कमी. २०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या अनेक केंद्रांवर ही थरथर निम्म्यापर्यंत उतरली होती. माणसं थांबली तरी समुद्र थांबत नाही. लाटांनी उठणारी काही सेकंदांची संथ लहर जमिनीतून सतत वाहत असते आणि पावसाळ्यात ती वाढते. कुलाबा वेधशाळेच्या सुधांशुकुमार बॅनर्जींनी अरबी समुद्रातली वादळं आणि ही लहर यांचा संबंध १९३० मध्येच मांडला होता.

पूर्वीचे लोक गोंगाटापासून पळायचे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं चुंबकीय मोजमाप अलिबागला नेलं, १९०४ पासून ते तिथेच आहे. आम्ही मात्र गोंगाट मिळावा म्हणून वाशीला जातो.

का, हे सांगायला खरवस लागतो. ताटलीत खरवसाची वडी ठेवा आणि ताटली हलकेच डावी-उजवीकडे हलवा. ताटली जेमतेम हलते, वडीचा माथा मात्र झुलतो. हलवण्याचा वेग बदलत गेलात तर एका ठराविक लयीला तो सगळ्यात जास्त झुलतो. वडी जाड असेल तर ती लय संथ, पातळ असेल तर जलद. आपली ताटली म्हणजे खालचा काळा कातळ, दख्खनचा बेसाल्ट. खरवस म्हणजे त्यावरचा खाडीचा मऊ गाळ आणि त्यावर टाकलेला भराव. आडव्या हलण्याच्या लहरी कातळातून सेकंदाला हजार मीटरच्या वर वेगाने जातात, ओल्या गाळातून शंभर-दीडशेने. एवढा फरक असला की गाळात शिरलेली लहर खालच्या कातळावर आपटून परत वर येते, माथ्यावरून पुन्हा खाली जाते, तिथेच अडकते. थराचा तळ कातळाला धरलेला, माथा मोकळा. बारावीत एका टोकाला बंद नळीचा अनुनाद शिकलात ना, तसंच: लहरीचा पाव भाग थरात बसला की सूर लागतो. म्हणून वारंवारता म्हणजे वेग भागिले चारपट जाडी. समजा गाळ १५ मीटर जाड आहे आणि वेग १२०. १२० भागिले ६०, म्हणजे २ हर्ट्झ. सेकंदाला दोन झोके.

आता इमारतींचा ढोबळ नियम घ्या: जितके मजले, तितके दशांश सेकंद एका झोक्याला. तळमजला धरून पाच मजल्यांची इमारत अर्ध्या सेकंदाला एक झोका घेते. म्हणजे पुन्हा २ हर्ट्झ! गाळाचा सूर आणि वरच्या इमारतीचा सूर जुळला की दूरच्या भूकंपातही झोके वाढत जातात. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत हेच झालं. भूकंप साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर, पण शहर जुन्या तलावाच्या गाळावर वसलेलं. त्या गाळाचा झोका सुमारे दोन सेकंदांचा होता. अगदी बुटक्या इमारतींपेक्षा मधल्या उंचीच्या जास्त पडल्या.

तर मग भोक न पाडता गाळाचा सूर कसा ऐकायचा? नाकामुरा या जपानी अभियंत्याने १९८९ मध्ये मांडलेली युक्ती वापरायची. एकाच जागी जमिनीची आडवी आणि उभी थरथर मोजायची आणि प्रत्येक वारंवारतेला आडवी भागिले उभी असं गुणोत्तर काढायचं. ट्रक मोठा की छोटा, हे भागाकारात बरंचसं कटतं. उरतो तो थराचा गुण, आलेखावर एक उंचवटा. हा उंचवटा नेमका कशाने येतो यावर मात्र वाद आहे. अडकलेल्या आडव्या लहरी, की पृष्ठभागावरून जाणाऱ्या रॅले लहरी? रॅले लहरीत कण लंबवर्तुळात फिरतो. कातळ आणि गाळ यांच्या वेगात मोठा फरक असेल तर गाळाच्या सुराजवळ ते लंबवर्तुळ इतकं चपटं होतं की उभी हालचाल जवळपास नाहीशी होते, आणि छेद शून्याकडे गेला की गुणोत्तर उसळतं. म्हणून उंचवट्याची जागा विश्वासाची, उंची तेवढी नाही. (हे डोक्यावरून गेलं असेल तर खरवस लक्षात ठेवा, पुरे.)

यंत्र म्हणजे डब्याएवढी वस्तू, आत तीन जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारे संवेदक. पहिल्या दिवशी पारसिकच्या डोंगरावर गेलो. यंत्र सपाट बसावं म्हणून पाणसळीचा बुडबुडा मध्यभागी आणायचा, उत्तर दिशा लावायची, मग चाळीस मिनिटं कोणी हलायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. एकाने होकायंत्र गाडीच्या बॉनेटवर ठेवून उत्तर काढली. लोखंडाने ती फिरवली, हे त्याला सांगावं लागलं. आलेख सपाट आला, मुलं हिरमुसली. कातळावर सपाटच यायला हवा.

मधल्या काळात 'येत्या ७२ तासांत मुंबईत मोठा भूकंप, नासाचा इशारा' असा मेसेज आईच्या ग्रुपवरून मुलीकडे आणि मुलीकडून माझ्याकडे आला. भूकंपाची जागा, वेळ आणि तीव्रता आधी सांगणारी पद्धत आज कुणाकडेही नाही, नासाकडेही नाही आणि पंचांगातही नाही. काही देशांत जो इशारा मिळतो तो भूकंप सुरू झाल्यानंतरचा असतो: वेगवान प्राथमिक लहर पकडून, मागून येणाऱ्या दुय्यम लहरीच्या काही सेकंद आधी दिलेला.

मग वाशीत खाडीलगतच्या एका सोसायटीत गेलो. वॉचमनकाका मूळचे पाटणचे. पहिला प्रश्न, "बॉम्ब-बिम्ब न्हाई ना?" भूकंपाचं म्हटल्यावर स्वतःची खुर्ची मुलांना देऊन म्हणाले, "आमच्या आजीनं कोयनेचा बघितलाय. भिताडं पडली व्हती." ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, ६.३ तीव्रता. त्यांना खरवस समजावायची गरज पडली नाही.

पेव्हर ब्लॉक डुगडुगतात, म्हणून यंत्र बागेतल्या मातीत बसवलं. संध्याकाळी लॅपटॉपवर वर्णपट, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती थरथर ते दाखवणारा आलेख, उघडला तर २४ हर्ट्झला सुईसारखं टोक. "मॅडम, सापडलं!" १२० च्या वेगाने हिशेब केला तर थर सव्वा मीटरचा निघत होता. मी म्हणाले, तिन्ही दिशांचे वर्णपट वेगवेगळे बघा. टोक तिन्हींत होतं, उभ्यातसुद्धा, आणि होतं अगदी अरुंद. जमीन इतका काटेकोर सूर लावत नाही. मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेणारी मोटर लावते. १४४० भागिले ६० करून बघा.

"पंप व्हय?" काका म्हणाले. "आठला बंद करतो. साडेआठला या."

साडेआठला पुन्हा डबा लावला. २४ ची सुई गेली होती. २ हर्ट्झच्या आसपासचा बसका, रुंद उंचवटा, जो आधी कुणी पाहिलाच नव्हता, तो होता तिथेच होता.