लंडनचे बंबखाने : वस्तीत कसे आले, का गेले

९ जानेवारी २०१४ या एकाच दिवशी लंडनमधली १० अग्निशमन केंद्रं खर्चकपातीत बंद झाली. त्यांत क्लार्कनवेलचं केंद्र होतं, १८७२ पासूनचं. केंद्रं वाचवण्यासाठी जवान आणि रहिवासी रस्त्यावर उतरले होते. हा जिव्हाळा समजून घ्यायचा तर हे बंबखाने वस्तीत आले कसे, ते पाहावं लागतं.

१६६६ च्या भीषण आगीनंतर लंडनमध्ये आगीचा विमा सुरू झाला आणि विमा कंपन्यांनी आपापले बंबवाले नेमले. १८३३ साली त्यांनी ही पथकं एकत्र केली. ८० जणांच्या या दलाचे प्रमुख होते एडिनबरोहून आलेले जेम्स ब्रेडवुड. पैसा कंपन्यांचा होता, त्यामुळे ठाणीही मुख्यतः मध्य लंडनमध्ये, जिथे विम्याचा माल तिथे. वाढत्या उपनगरांच्या वाट्याला फार थोडं आलं.

२२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटवरच्या गोदामांना आग लागली. ताग, कापूस, साखर, चरबी, सगळं पेटलं. आपल्या माणसांना धीर द्यायला पुढे गेलेले ब्रेडवुड भिंत कोसळून जागीच गेले. आग पुरती विझायला दोन आठवडे लागले. नुकसानीचा आकडा पाहून कंपन्यांनी हात टेकले, हे काम आता सरकारने घ्यावं असं कळवलं. १८६५ मध्ये कायदा झाला आणि १८६६ पासून शहराचं सार्वजनिक दल उभं राहिलं. माझ्या मते खरा बदल इथे झाला. विमा असो वा नसो, आग विझवणं हा प्रत्येक घराचा हक्क ठरला.

नवे प्रमुख कॅप्टन शॉ यांनी भरतीत खलाशांना पसंती दिली आणि वस्तीवस्तीत केंद्रं बांधायला घेतली. घोडे धावून दमायच्या आत बंब आगीपाशी पोचला पाहिजे, म्हणून केंद्रं जवळजवळ. इमारतीची रचनाही त्यातूनच आली. खाली रस्त्याकडे उघडणारे उंच दरवाजे, आत बंब, लगतच तबेला. वरच्या मजल्यांवर जवानांची बिऱ्हाडं, कारण नोकरी रात्रंदिवसाची होती. मनोऱ्यात भिजलेले कॅनव्हासचे पाइप उभे टांगून वाळवत, नाहीतर ते कुजत. जवानाची बायकापोरं त्याच गल्लीत राहत, तिथल्याच दुकानात जात. बंबखाना शेजारी झाला तो असा.

मुंबईचं दल पोलिसांकडून महापालिकेकडे आल्यावर १८९० मध्ये प्रमुख म्हणून आलेले डब्ल्यू. निकोल्स हेही लंडनच्याच दलातले.

१९२१ मध्ये लंडनच्या दलातला शेवटचा घोडा निवृत्त झाला. मोटारबंब लांबवर पोचू लागले, पाळ्या सुरू झाल्या, बिऱ्हाडं हलली. इतकी जवळजवळ केंद्रं हवीत कशाला, हा हिशेब तेव्हापासूनच मांडला जाऊ लागला. बेलसाइजच्या बंद केंद्रात आता फ्लॅट आहेत. युस्टन रोडवरचं १९०२ चं केंद्र मात्र चालू आहे. लाल विटा, पांढरा पोर्टलंड दगड, आणि खालच्या दारांतून अजून बंब निघतात.