द्विस्तरीय पडताळणी

समाजमाध्यमावरील आपल्या खात्यात प्रवेश करताना पासवर्डाखेरीज ओळखीचा दुसरा पुरावा मागण्याची पद्धत. बोलताना सगळे ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’च म्हणतात. पासवर्ड फुटला तरी तेवढ्यावर कोणाला खात्यात शिरता येऊ नये, हा हेतू. दुसरा पुरावा म्हणजे एसएमएसने येणारा ओटीपी, ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये साधारण दर ३० सेकंदांनी बदलणारा आकडा किंवा यूएसबीला जोडायची सुरक्षा-किल्ली.

यांत ओटीपी सर्वांत सोयीचा आणि सर्वांत कच्चा, कारण तो माणसाची नव्हे तर सिमकार्डाची ओळख पटवतो. दुसऱ्याच्या नंबराचे नवे सिम खोटी कागदपत्रे दाखवून काढले, की मूळ फोनचे नेटवर्क जाते आणि ओटीपी भामट्याकडे येऊ लागतात. याला ‘सिम स्वॅप’ म्हणतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्याच खात्यावरून भलतेसलते मजकूर गेले, तेही त्यांचा फोन नंबर दुसऱ्याच्या हाती पडल्यामुळे. भारतात १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता (पोर्ट करता) येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर क्रम उलटा आहे. तेथे एसएमएसचा सहा आकडी कोड ही पहिली पायरी. दुसरी म्हणजे वापरकर्त्याने स्वतः ठरवलेला सहा आकडी पिन. ही सोय २०१७ मध्ये सर्वांना मिळाली. पण ती सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते आणि नेमके तेच राहून जाते. मग ओळखीच्याच नंबरावरून निरोप येतो: “ताई, चुकून माझा कोड तुझ्याकडे गेलाय, जरा पाठव ना.” निरोप धाडणाऱ्याचे खाते आधीच गेलेले असते. आलेला कोड खरे तर ताईच्याच खात्याचा असतो; तो दिला की तिचेही जाते, आणि तिच्या नावाने नातेवाइकांकडे पैशांची मागणी सुरू होते. दुसऱ्या प्रकारात कुरिअरवाला असल्याची बतावणी करून *४०१* आणि त्यापुढे एक नंबर डायल करायला लावतात. त्याने कॉल तिकडे वळतात आणि फोनवरून सांगितला जाणारा कोडही तिकडेच ऐकू जातो.

गेलेले खाते मिळवायचे तर आपल्या फोनवर पुन्हा नोंदणी करावी. एसएमएसचा कोड भरताच घुसखोर बाहेर पडतो. मात्र त्याने मधल्या काळात स्वतःचा पिन लावून ठेवला असेल, तर खरा मालकही सात दिवस ताटकळतो.

सुरक्षेसाठी म्हणून घेतलेल्या नंबरांचा कंपन्यांनी जाहिरातींसाठीही वापर केला, हा या पद्धतीच्या इतिहासातला लाजिरवाणा भाग. याच कारणावरून अमेरिकेत २०२२ मध्ये ट्विटरला १५ कोटी डॉलर भरावे लागले. फेसबुकला २०१९ च्या तडजोडीत अशा वापरास मनाई झाली होती.

भारतात दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते.