डॉ. सलीम अलींचं चित्र करून घेण्यापूर्वी

ऑक्टोबर उजाडला की ठाण्याच्या चरईतल्या आमच्या स्टुडिओत एकाच माणसाच्या चित्राची विचारणा सुरू होते. 5 ते 12 नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह. पहिल्या दिवशी वन्यजीव लेखक मारुती चितमपल्लींची जयंती, शेवटच्या दिवशी पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अलींची. शाळा, वाचनालयं, घोडबंदर रोडवरच्या सोसायट्या, ऐरोली-नेरुळकडचे पक्षीनिरीक्षक, सगळ्यांना चित्र 12 तारखेच्या आत भिंतीवर हवं असतं. तैलचित्र एवढ्या घाईत होत नाही. ते हवं असेल तर गणपतीच्या आधी या. उशीर झालाच तर ॲक्रिलिकमध्ये तीन आठवड्यांत करून देतो, पण त्याहून कमी वेळ मागू नका.

नुसतं ‘सलीम अली’ म्हणून भागत नाही, कोणत्या वयाचे हवेत तेही ठरवावं लागतं. जन्म 1896चा, निधन 1987 साली. नव्वदी पाहिलेला माणूस. आखूड पांढरी दाढी, चष्मा आणि गळ्यात दुर्बीण एवढं काढलं की कुठलाही आजोबा सलीम अली वाटायला लागतो, हीच आमची अडचण. ओळख पटते ती किरकोळ बांध्यातून, धारदार नाकातून आणि गालांच्या खोलगटपणातून. दाढीसुद्धा डब्यातल्या पांढऱ्या रंगाने होत नाही. सावलीकडे निळसर करडा, हनुवटीपाशी थोडा पिवळसर मातकट असे थर देऊन शेवटी उजेडाच्या बाजूला मोजके पांढरे फटकारे मारतो. ते आधी मारले तर चेहऱ्याला कापूस चिकटवल्यासारखा दिसतो.

वयाचा घोळ होतो तो पक्ष्यामुळे. अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला तो 1930च्या सुमारास, म्हणजे चौतिशीत. तिथल्या घरट्यांखाली पांढऱ्या दाढीचे सलीम अली उभे करायचे का? म्हातारपणीचा चेहरा आणि मागे आठवण म्हणून घरटं, असं मांडता येतं. पण किहीमचाच प्रसंग हवा असेल तर तरुण चेहरा घ्यावा, असं आम्ही सुचवतो.

याच घरट्यावर आम्ही एकदा तोंडघशी पडलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नाव सुगरण असलं तरी घर बांधतो नर. पावसाळ्यात त्याचा माथा पिवळाधमक होतो. तो घरटं अर्धवट विणतो, उलट्या टांगलेल्या शिरस्त्राणासारखं, आणि पंख फडफडवून मादीला बोलावतो. तिने आत शिरून पसंत केलं तरच पुढे खालची लांब नळी विणली जाते. सलीम अलींनी किहीमला हेच टिपून ठेवलं. एका शाळेच्या चित्रात आम्ही नर मादीला बोलावतोय असं दाखवलं आणि घरटं मात्र नळीसकट पूर्ण काढलं. चित्र पोहोचवायला गेलो तेव्हा सातवीतली एक मुलगी म्हणाली, “काका, हिने हो म्हणायच्या आधीच घर पूर्ण झालं?” चित्र परत आणलं, नळी खरवडून काढली आणि नव्याने रंगवून दिलं. पैसे अर्थातच घेतले नाहीत. तेव्हापासून पक्षी असलेलं प्रत्येक रेखाटन रंगाआधी एखाद्या जाणत्या पक्षीनिरीक्षकाला दाखवतो.

नवी मुंबईकडून फ्लेमिंगोची, म्हणजे रोहित पक्ष्याची, मागणी जास्त येते. ठाणे खाडीत थवे उतरतात, तेव्हा साहजिकच आहे. सलीम अलींचा रोहित पक्ष्याशी संबंधही खरा आहे. 1945 साली कच्छच्या रणातली या पक्ष्यांची प्रचंड वसाहत पाहायला ते गेले होते. पण तिथला पक्षी मोठा रोहित, गुलाबी चोचीला काळं टोक असलेला. आपल्या खाडीत जास्त दिसतो तो लहान रोहित, त्याची चोच गडद, दुरून काळपटच वाटते. कच्छचा प्रसंग हवा की ऐरोलीची खाडी, ते आधी सांगा. चोच त्यावर ठरते.

काहींना सलीम अलींच्या लहानपणची गोष्ट हवी असते. साधारण दहाव्या वर्षी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिचा गळा पिवळा दिसला, आणि कुतूहल म्हणून ते ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी या निसर्ग-अभ्यासाच्या संस्थेचे सचिव मिलर्ड साहेब यांच्याकडे गेले. इथून सगळी सुरुवात. हे चित्र काढायला आम्हाला मनापासून आवडतं, पण शाळा म्हणतात बंदूक नको आणि चिमणी उडती दाखवा. उडती दाखवली तर गोष्टच राहत नाही. मुलाच्या ओंजळीत मेलेली चिमणी आणि गळ्यावर मसुरीच्या डाळीएवढा पिवळा ठिपका, एवढं आम्ही करू. बंदूक चौकटीबाहेर ठेवता येते. (एका गृहस्थांना मोटारसायकलवरचे सलीम अली हवे होते. हसू नका. 1950 साली ते आपली सनबीम घेऊन स्वीडनमधल्या पक्षीशास्त्र परिषदेला गेले होते.)

मोबाइलवर सापडलेला फोटो दाखवून ‘हुबेहूब असंच’ सांगू नका. भारतात छायाचित्रावरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो, त्यामुळे त्यांच्या उतारवयातले बरेच फोटो अजून कुणाच्या तरी मालकीचे आहेत. मालकाची परवानगी आणलीत तर त्यावरून काढू. नाहीतर अनेक फोटोंवरून चेहरा समजून घेऊन बैठक, उजेड, कपडे आम्ही नव्याने रचतो. तुम्ही पैसे देऊन करून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, कायद्याने तुमचाच. स्मरणिकेत खुशाल छापा, फक्त कोपऱ्यातली सही कापू नका.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. हाताला कोरडं लागलं तरी आतून ओलं असतं, म्हणून शेवटचं वार्निश आम्ही सहा महिन्यांनी, चित्र परत मागवून लावतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. चित्र दोनदा दाखवतो: कोळशाचं रेखाटन झाल्यावर आणि पहिला रंग बसल्यावर. चष्मा काढा, दुर्बीण हातात द्या, हे सगळं पहिल्या वेळीच सांगा.

बाजारात छापील कॅनव्हासवर वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारून ‘हाताने रंगवलेलं’ म्हणून विकतात. साधं भिंग घेऊन चेहरा पाहा. बारीक ठिपके दिसले की समजायचं. छापील हवंच असेल तर छापील म्हणून, छापीलच्या भावात घ्या.

टांगताना पावसाची झड लागणारी बाहेरची भिंत टाळा. आपल्याकडच्या दमट हवेत कॅनव्हास सैल पडतो आणि मागून बुरशी धरतो. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवून देतो, ते काढू नका, मागे हवा खेळायला हवी. खाडीजवळ राहणाऱ्यांनी खिळा स्टेनलेस स्टीलचा वापरावा. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटका. ओलं फडकं नको, आणि उदबत्ती तर चित्राखाली नकोच. जयंतीच्या दिवशी हार घालायचा झाला तर तो चौकटीला घाला, कॅनव्हासला टेकू देऊ नका. ओल्या फुलांचे डाग जात नाहीत.

दर मापावर आणि त्यात किती पक्षी यावर ठरतो, त्याचं पत्रक वेगळं आहे. निम्मी रक्कम आगाऊ. येताना जिथे चित्र लावायचं त्या भिंतीचा फोटो आणा, शेजारी कुणाला तरी उभं करून काढलेला. म्हणजे माप आम्हीच सुचवू.