व्हर्जिनियातील गुलामगिरी (सतरावे शतक)

उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत आफ्रिकी माणसांना व त्यांच्या संततीला कायमची मालमत्ता ठरवणारी व्यवस्था. इंग्लंडच्या कायद्यात तिला आयता आधार नव्हता. मळेवाल्यांच्या सोयीने ती न्यायनिवाड्यांतून आणि कायदेमंडळाच्या ठरावांतून टप्प्याटप्प्याने घडवली गेली.

१६०७ मध्ये व्हर्जिनिया कंपनीने जेम्सटाउन वसवले, ती भूमी मोकळी नव्हती. पाउहाटन या प्रमुखाच्या सत्तेखालील मूलनिवासी समूह तेथे नदीकाठी मका पिकवत होते. १६०९-१० च्या हिवाळ्यात बहुतेक वसाहतवाले उपासमारीने व रोगराईने मेले. पुढे वसाहत तगली ती तंबाखूवर. जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास त्याची लागवड सुरू केली. हे पीक जमिनीचा कस लवकर संपवते आणि लावणीपासून खुरपणी, शेंडे खुडणे, पाने वाळवणे इथपर्यंत सतत हात मागते. त्यामुळे मळेवाल्यांना नवी जमीन आणि नवी माणसे सारखीच लागत.

या दोन्ही गरजा एकत्र बांधणारा नियम १६१८ मध्ये आला : जो कोणी एका माणसाचा प्रवासखर्च भरून त्याला वसाहतीत आणील, त्याला ५० एकर जमीन. मूलनिवासींची भूमी बळकावणे आणि माणसांना राबवणे या गोष्टी इतिहासात वेगवेगळ्या प्रकरणांत सांगितल्या जातात. येथे मात्र त्या एकाच कागदावर होत्या. १६३५ च्या जमीनहक्काच्या अशाच एका नोंदीत ‘टोनी’ नावाचा ‘ईस्ट इंडियन’, म्हणजे बहुधा हिंदुस्थानातला माणूस आढळतो. पाउहाटनचा वारस ओपेचनकनो याने १६२२ व १६४४ मध्ये वसाहतीवर मोठे हल्ले केले. त्यानंतर १६४६ च्या तहाने त्याच्या लोकांना यॉर्क नदीच्या उत्तरेस रेटण्यात आले.

ऑगस्ट १६१९ मध्ये ‘व्हाइट लायन’ हे जहाज व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील पॉइंट कम्फर्ट येथे लागले. आफ्रिकेतील लुआंडा बंदराहून मेक्सिकोकडे निघालेल्या एका पोर्तुगीज गुलामवाहू जहाजावरून लुटलेली वीसहून थोडी अधिक अंगोलाची माणसे त्यावर होती. शिधासामग्रीच्या बदल्यात ती विकली गेली. त्या काळी बहुसंख्य मजूर इंग्लंडहून आलेले करारबद्ध, म्हणजे ठरावीक वर्षे चाकरी करण्यास बांधलेले, नोकर होते आणि आफ्रिकींचे स्थान कायद्याने पक्के झालेले नव्हते. अँथनी जॉन्सन हा आफ्रिकी मुक्त झाला, त्याने २५० एकर जमीन मिळवली आणि जॉन केसर या आफ्रिकी मजुरावर आजन्म मालकी असल्याचा दावाही १६५५ मध्ये जिंकला. जॉन्सन वारल्यावर १६७० मध्ये पंचांनी ठरवले की, तो कृष्णवर्णीय म्हणून परका होता, सबब त्याची जमीन राजाकडे जाऊ शकते.

१६४० मध्ये तीन नोकर पळून जाताना पकडले गेले. दोघा युरोपियनांच्या चाकरीची मुदत काही वर्षे वाढवली गेली. तिसऱ्याला, जॉन पंच या आफ्रिकीला, आजन्म दास्य मिळाले. आफ्रिकी आईच्या पोटी जन्मलेल्या एलिझाबेथ की हिने इंग्रज पिता व बाप्तिस्मा यांच्या आधारे १६५६ मध्ये स्वातंत्र्य मिळवले. तिने वापरलेल्या या दोन्ही वाटा लवकरच बंद करण्यात आल्या. मूल आईच्या दर्जाने गुलाम किंवा मुक्त ठरेल, असे १६६२ च्या कायद्याने ठरवले. इंग्रजी रिवाजात मूल बापाचा दर्जा घेई. येथे तो उलटवल्यामुळे मालकाने दासीवर केलेल्या बलात्कारातून झालेले मूलही त्याच्या संपत्तीत भर घालू लागले. या व्यवस्थेतील सर्वांत क्रूर कलम हेच म्हटले पाहिजे. बाप्तिस्म्याने दास्य सुटत नाही, हे १६६७ मध्ये जाहीर झाले. शिक्षा करताना गुलाम मेला तर मालक गुन्हेगार नाही, हे १६६९ मध्ये.

१६७६ मध्ये नॅथॅनिएल बेकन या मळेवाल्याने गव्हर्नरविरुद्ध केलेल्या बंडात गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र लढले व जेम्सटाउन जळाले. शतकाच्या अखेरीस इंग्लंडहून येणारे नोकर घटले, आफ्रिकेहून थेट येणारी गुलामांची जहाजे वाढली. १७०५ च्या संहितेने विखुरलेले कायदे एकत्र केले. तिच्यानुसार मुदत संपलेल्या करारबद्ध पुरुषाला मका, तीस शिलिंग आणि बंदूक द्यायची होती. गुलामांनी स्वतः पाळलेली गुरे, घोडे व डुकरे मात्र जप्त करून विकायची होती.