फ्लाय फ्रॉम हिअर

येस या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचे रॉक संगीत) बँडचा २०११ सालचा स्टुडिओ अल्बम. ‘मॅग्निफिकेशन’ (२००१) नंतर तब्बल दहा वर्षांनी आलेला, आणि मूळ गायक जॉन अँडरसनचा आवाज नसलेला बँडचा केवळ दुसरा अल्बम. बेन्वा दाव्हिद (गायन), ख्रिस स्क्वायर (बेस), स्टीव्ह हाउ (गिटार), ॲलन व्हाइट (ड्रम्स) आणि जेफ डाउन्स (कीबोर्ड) असा त्या वेळचा संच होता. निर्माता ट्रेव्हर हॉर्न, मुखपृष्ठ चित्रकार रॉजर डीनचे.

या अल्बमची गोष्ट १९८० पासून सांगावी लागते. त्या वर्षी अँडरसन आणि कीबोर्डवादक रिक वेकमन दोघेही बँडमधून बाहेर पडले. त्यांच्या जागी आले हॉर्न आणि डाउन्स. ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ हे पॉप गाणे गाजवलेली बगल्स ही जोडी म्हणजे हेच दोघे. बगल्स आणि येस यांचा मॅनेजर एकच होता, त्यातून हा योग जुळला. येताना त्यांच्याकडे ‘वी कॅन फ्लाय फ्रॉम हिअर’ नावाचे एक गाणे होते. हे दोघे आणि स्क्वायर, हाउ, व्हाइट अशा पाच जणांनी ‘ड्रामा’ हा अल्बम केला, पण त्यात हे गाणे आले नाही. त्या वर्षीच्या दौऱ्यात मात्र ते मंचावर वाजत राहिले. अँडरसनच्या उंच पट्टीतली जुनी गाणी रात्रीमागून रात्री गाताना हॉर्नचा गळा ताणला गेला. दौरा संपल्यावर संच फुटला. हॉर्न निर्मितीकडे वळला आणि १९८३ मध्ये येसचाच ‘९०१२५’ हा अल्बम त्याने घडवला; हाउ आणि डाउन्स एशिया या बँडमध्ये गेले. गाणे तिथेच राहिले. २००५ मध्ये ‘द वर्ड इज लाइव्ह’ या संग्रहात त्याचे मैफिलीतले ध्वनिमुद्रण निघाले, तेव्हा कुठे ते घरोघरी पोचले.

२००८ मध्ये बँडच्या चाळिशीचा दौरा ठरला होता. त्याच सुमारास अँडरसनला श्वसनाचा गंभीर त्रास झाला आणि डॉक्टरांनी त्याला सक्तीची विश्रांती सांगितली. दौरा रद्द झाला. पण बाकीचे थांबले नाहीत. येसचीच गाणी वाजवणाऱ्या एका कॅनेडियन बँडमधला दाव्हिद स्क्वायरला यूट्यूबवर सापडला आणि त्याच वर्षीच्या शेवटी तो मूळ बँडसोबत मंचावर उभा राहिला. अँडरसन यामुळे दुखावला गेला, आणि त्याचे दुःख समजण्यासारखे आहे. ज्याच्या आवाजाने बँड ओळखला जातो, तो आजारी असताना त्याच्यासारखाच आवाज शोधून गाडी पुढे हाकणे जुन्या श्रोत्यांनाही जड गेले.

कीबोर्डवर तेव्हा रिक वेकमनचा मुलगा ऑलिव्हर होता. हॉर्न निर्माता म्हणून आला, ते जुने गाणे पुन्हा काढले गेले आणि ते ज्याच्या हातचे, त्या डाउन्सला बोलावण्यात आले. ऑलिव्हरला जावे लागले. त्याचे थोडे वादन अल्बमवर उरले आहे.

अल्बमचा जीव आहे तो सहा भागांच्या, सुमारे चोवीस मिनिटांच्या शीर्षकरचनेत. सुरुवातीच्या ‘ओव्हर्चर’मध्ये कीबोर्डचे तुटक, ठोकून वाजवल्यासारखे स्वर येतात आणि हळूहळू सगळा बँड त्यात शिरतो. मग ‘वी कॅन फ्लाय’चा मोकळा, सहज गुणगुणता येणारा मुखडा. ‘सॅड नाइट ॲट द एअरफील्ड’ सगळ्यांत सुंदर: संथ चाल, हाउची हलकी गिटार, आणि दाव्हिदला कुणाची छाया न होता गाता येईल एवढी मोकळी जागा. ‘मॅडमन ॲट द स्क्रीन्स’मध्ये ते तुटक स्वर पुन्हा डोके वर काढतात, तेव्हा इतका वेळ ऐकलेले सारे एका दोऱ्यात ओवलेले होते हे कळते. ‘बम्पी राइड’ची विषम तालातली कसरत मात्र उपरी वाटते. तिच्यानंतर मुखडा थोडक्यात परततो आणि रचना संपते.

उरलेली गाणी या तोलाची नाहीत. ‘लाइफ ऑन अ फिल्म सेट’ हेही बगल्सच्या जुन्या मसुद्यावर बेतलेले. ‘सॉलिटेअर’ हे हाउचे एकट्याचे गिटारवादन. ‘द मॅन यू ऑल्वेज वाँटेड मी टू बी’ स्वतः स्क्वायरने गायले आहे. शेवटचे ‘इन्टू द स्टॉर्म’ हे मात्र नव्या संचाने मिळून बांधल्यासारखे वाटते, आणि दाव्हिदची बाजू सर्वांत भक्कम तिथेच उतरते.

संच बदलला की हा बँड येस म्हणायचा की नाही, हा वाद जुनाच. आपल्याकडे नाटक मंडळीतले नट बदलत, मंडळीचे नाव आणि पदे पुढे चालत. ज्यांना ती परंपरा माहीत आहे त्यांना यात नवल वाटू नये. अडचण वेगळी आहे. अल्बमचे मुख्य गाणे हॉर्नने स्वतःच्या गळ्यासाठी रचलेले, आणि ते गायला उभा केलेला गायक निवडलेला अँडरसनच्या पट्टीसाठी. दाव्हिद स्वच्छ, सुरेल गातो. तरी त्या गाण्यात तो पाहुणाच वाटतो.

दाव्हिद फार काळ टिकला नाही. दौऱ्यात त्यालाही श्वसनाचा विकार जडला आणि २०१२ मध्ये जॉन डेव्हिसन त्याच्या जागी आला. २०१८ मध्ये, बँडच्या पन्नाशीच्या वर्षी, ‘फ्लाय फ्रॉम हिअर – रिटर्न ट्रिप’ निघाले. दाव्हिदचे गायन काढून हॉर्नने स्वतःच्या आवाजात गाणी पुन्हा मुद्रित केली आणि हाउने गायलेले ‘डोन्ट टेक नो फॉर ॲन आन्सर’ हे एक गाणे वाढवले. अशा रीतीने ‘ड्रामा’च्या संचाचा दुसरा अल्बम अडतीस वर्षांनी पुरा झाला. हॉर्नचा आवाज दाव्हिदपेक्षा बारीक आणि थोडा थकलेला आहे, पण ‘वी कॅन फ्लाय’चा मुखडा त्याच्या तोंडी येताच गाणे आपल्या घरी आल्यासारखे वाटते. स्क्वायर २७ जून २०१५ रोजी गेला होता. त्याचा बेस दोन्ही आवृत्त्यांत तोच आहे.