जॉर्जियात एकटं फिरता येतं, त्यामागचा इतिहास

काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जिया या देशात आज एकटीनं फिरणं सोपं आहे. राजधानी तिबिलिसीच्या दिदुबे बसस्थानकावर जायचं आणि गावाचं नाव मोठ्यानं सांगायचं. पाटी वाचता आली नाही तरी कोणीतरी योग्य मार्शुत्कापर्यंत आणून सोडतं. मार्शुत्का म्हणजे आपली वडापच, भरली की सुटते. रात्री कुणाच्या तरी घरात वरच्या मजल्यावर खोली मिळते, सकाळी पानात गरम खाचापुरी, म्हणजे चीज भरलेली रोटी, आणि वाटीत दह्यासारखं मात्सोनी येतं. या सगळ्याचं श्रेय तिथल्या प्राचीन आतिथ्याला देऊन मोकळं व्हायची पद्धत आहे. ते अर्धंच खरं आहे. आतिथ्य जुनं आहेच, पण एकट्या प्रवाशाला रस्ता मोकळा झाला तो अगदी अलीकडे, आणि त्याआधी तिथल्या लोकांनी फार सोसलं आहे.

संस्कृतीचं वय मात्र खरोखर थक्क करणारं. ख्रिस्ती धर्म इथे चौथ्या शतकात राजधर्म झाला. लिपी स्वतःची, आज ३३ अक्षरांची. बोल्निसीच्या चर्चवरचा त्या भाषेतला लेख पाचव्या शतकातला आहे. गोव्याशीही एक धागा जुळतो. इराणच्या शाह अब्बासनं राणी केतेवानला धर्म सोडायला सांगितलं, तिनं नकार दिला, आणि १६२४ मध्ये शिराझला तिचा छळ करून वध झाला. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष जुन्या गोव्यातल्या आपल्या मठात आणून ठेवले. त्या पडक्या मठात उत्खननात हाड सापडलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली आणि जुलै २०२१ मध्ये भारतानं ते जॉर्जियाला समारंभानं सुपूर्द केलं. एका लहान देशाला चारशे वर्षांपूर्वीची आपली राणी इतकी जवळची वाटते, हे कळल्यावर तिथली माणसं जास्त उलगडतात.

१८०१ पासून रशियानं हा देश तुकड्यातुकड्यानं गिळला. १९१८ ते १९२१ अशी जेमतेम तीन वर्षं स्वातंत्र्याची, मग लाल सेना आली. सोव्हिएत काळात परदेशी माणूस यायचा तो १९२९ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंटूरिस्ट’ या सरकारी संस्थेमार्फत. कोणती शहरं पाहायची हे व्हिसावरच लिहिलेलं, हॉटेलचे पैसे आधी भरलेले, सोबत गाइड. मनात आलं म्हणून वाटेत उतरून कुणाच्या घरी मुक्काम करायची सोय नव्हती. तिबिलिसीच्या मध्यभागी १९६७ मध्ये बांधलेलं उंच ‘इवेरिया’ हॉटेल ही त्या व्यवस्थेची शान होती.

त्याच इमारतीत पुढचा सगळा इतिहास वाचता येतो. ९ एप्रिल १९८९ ला तिबिलिसीत स्वातंत्र्यासाठी बसलेल्या निदर्शकांवर सोव्हिएत सैनिक तुटून पडले. मेलेल्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, स्वातंत्र्याची घोषणा झाली. लगेच राजधानीत यादवी पेटली आणि १९९२-९३ च्या युद्धात काळ्या समुद्राकाठचा, फुटून निघू पाहणारा अबखाझिया प्रांत हातचा गेला. दोन लाखांहून अधिक जॉर्जियन तिथून निर्वासित झाले. त्यांतली शेकडो कुटुंबं ‘इवेरिया’च्या खोल्यांमध्ये राहायला आली. पर्यटकांसाठी काढलेल्या बाल्कन्या प्लायवूड आणि पत्रे ठोकून बंद केल्या गेल्या, त्यांवर कपडे वाळू लागले. शहरात तासन्‌तास वीज नसे. कोरड्या पुलावरच्या बाजारात लोकांनी घरातले चमचे, समोवार, आजोबांची युद्धपदकं विकायला काढली. आज आपण तिथे हौसेनं जुन्या वस्तू बघत फिरतो. तो बाजार भुकेतून वाढला, हे मला प्रत्येक फेरीत आठवतं.

नोव्हेंबर २००३ मध्ये निदर्शकांनी हातात गुलाब घेऊन जुनं सरकार घालवलं, त्या ‘गुलाब क्रांती’नंतर चित्र पालटलं. क्रांतीचे नेते आणि नवे राष्ट्राध्यक्ष साकाश्विली यांच्या सरकारनं लाचखोर वाहतूक पोलिसांचं अख्खं दलच बरखास्त करून नवी भरती केली, काचेच्या भिंतींची पोलीस ठाणी उभारली. २००४ मध्ये ‘इवेरिया’तल्या निर्वासितांना खोलीमागे ७००० डॉलर देऊन इमारत रिकामी केली, आज तिथे पुन्हा महागडं हॉटेल आहे. मध्ययुगीन दगडी बुरुजांच्या स्वानेती या डोंगराळ भागात तोवर दरोडेखोरांचं राज्य होतं. त्याच वर्षी विशेष पोलिसांनी तिथल्या कुख्यात टोळीवर छापा घातला, पुढे तिथल्या मेस्तिया या मुख्य गावाचा रस्ता पक्का झाला आणि २०१० मध्ये छोटा विमानतळही. या राजवटीची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१२ मध्ये तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाच्या चित्रफिती बाहेर आल्या आणि लोकांनी मतपेटीतून सरकार घालवलं.

घरगुती मुक्कामांचा धंदा वाढला तो या सगळ्यानंतर, आणि तो बऱ्याच अंशी बायकांनी उभा केला. कारखाने बंद, पेन्शन नावापुरती, घरातलं कोणीतरी तुर्कस्तानात किंवा ग्रीसमध्ये कामाला. अशा वेळी हाताशी होतं ते मोठं घर आणि पाहुण्याला जेवू घालायची सवय. एकट्या बाईला तिथे निर्धास्त वाटतं त्याचं मोठं कारण, माझ्या मते, या यजमानीणबाई आहेत.

हा अध्याय संपलेला नाही. ऑगस्ट २००८ च्या रशियाशी झालेल्या पाच दिवसांच्या युद्धानंतर, रशियाच्या पाठिंब्यानं फुटून निघालेल्या दक्षिण ओसेतियाची काटेरी तार गोरी-तिबिलिसी महामार्गाच्या अगदी जवळ आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारनं युरोपीय संघाशी प्रवेशाची बोलणी २०२८ पर्यंत लांबवली, तेव्हा तिबिलिसीच्या रुस्तावेली मार्गावर हजारो लोक रात्रीमागून रात्री थंडीत उभे राहिले. मेस्तियाची गाडी जिथून मिळते त्या झुगदिदीत अबखाझियातून आलेली असंख्य कुटुंबं तीस वर्षांनंतरही आहेत. अबखाझियाच्या हद्दीवरच्या इंगुरी नदीपलीकडे परत जाऊन राहणं त्यांतल्या बहुतेकांना जमलेलं नाही, आणि परदेशी प्रवाशानं रशियाच्या बाजूनं तिकडे शिरणं जॉर्जियाच्या २००८ च्या कायद्यानं गुन्हा आहे.